चाडच्या गवताळ मुलखात परतलेला ओरिक्स



वन्य प्राण्यांच्या संरक्षणाविषयी बोलताना आपण बहुधा शिल्लक राहिलेल्या प्राण्यांचाच विचार करतो. आज मी ज्याची हकीकत सांगणार आहे, तो प्राणी रानातून समूळ नाहीसा झाला होता.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस साहेल नावाचा विरळ गवताचा पट्टा आहे. पांढुरके अंग, तांबूस मान आणि तलवारीप्रमाणे मागे वळलेली लांब शिंगे असलेला ओरिक्स हा कुरंग तेथे एके काळी मोठमोठ्या कळपांनी हिंडत असे. चाऱ्यातील ओलाव्यावर तो महिनोन् महिने पाण्यावाचून राहू शकतो. दुष्काळाने त्याला जेरीस आणले खरे. पण त्याचा घात केला तो मोटारगाडी आणि बंदूक यांनी. चाडमधील यादवी युद्धाच्या काळात तर त्याला कोणी वाली उरला नाही. २००० साली तो रानातून नामशेष झाल्याची नोंद झाली.

सुदैवाने प्राणिसंग्रहालयांत व खाजगी कुरणांत त्याचा वंश टिकून होता. १९८५ साली ब्रिटनमधून दहा ओरिक्स ट्युनिशियातील बू हेडमा उद्यानात नेण्यात आले. मात्र तेथे ते कुंपणाच्या आतच राहिले. पुढे अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेने ठिकठिकाणची जनावरे जमवून मोठा कळप उभारला. थोड्या जनावरांपासून वंश वाढवायचा, तर रक्ताचे नाते टाळावे लागते. वेळोवेळी वळू बदलणाऱ्या आपल्या गोपालकांस हे निराळे सांगावयास नको.

मार्च २०१६ मध्ये पहिली २५ जनावरे विमानाने चाडमध्ये उतरली. पावसाने गवत उगवल्यावर, ऑगस्टमध्ये, त्यांतील २१ मोकळी सोडण्यात आली. गळ्यातील पट्ट्यांवरून उपग्रहाद्वारे त्यांचा माग ठेवला जातो. मोकळ्या रानात वासरे जन्मली, आणि २०२३ च्या अखेरीस 'रानातून नामशेष' हा शेरा जाऊन 'संकटग्रस्त' अशी नोंद झाली. २०२० साली ॲडॅक्स हा दुसरा दुर्मिळ कुरंगही तेथे सोडण्यात आला आहे.

माझ्या मते, पैदास हा या कामातील सोपा भाग होय. वादी रिमे-वादी आशीम हे राखीव क्षेत्र सुमारे ७८,००० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या राज्याच्या पाव हिश्श्याएवढे आहे. त्याला कुंपण कोण घालणार? शिवाय त्यात पशुपालक उंट, गुरे व शेळ्यामेंढ्या घेऊन पिढ्यान् पिढ्या वावरत आले आहेत. नवी विहीर खणली की गुरांचे कळप दूरच्या कुरणांपर्यंत पोहोचतात, आणि ओरिक्सचे गवत तेच असते. वाळलेल्या गवताला लागणारे वणवे तर दोघांचाही चारा गिळतात. म्हणून तेथे जाळरेषा काढण्याचे काम चालते, आणि नवी विहीर कोठे खणावी हा प्रश्न पशुपालकांना सोबत घेऊनच सोडवावा लागतो.