पाणथळाच्या काठी विशेष गरजांची मुले



शाळेच्या सहलीचा दिवस उजाडतो, मुले गाडीत बसतात, आणि हजेरीपटावर नाव असलेले एखादे मूल मात्र घरीच राहते. त्यास कोणी मनाई केलेली नसते. ‘त्याला कशाला त्रास’, ‘पाण्याची जागा आहे, काही झाले तर?’ अशा काळजीच्या शब्दांनीच ते मागे ठेवले जाते. ही काळजी खोटी नसते. परंतु तिचा परिणाम मनाईहून निराळा होत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा व २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा यांमुळे हे मूल गावच्या शाळेत हक्काने बसते. सहल हा शाळेचाच भाग असल्याने तो हक्क शाळेच्या फाटकापाशी संपत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तेथे जाऊन ते मूल करील काय?

निफाड व सिन्नर तालुक्यांच्या शिवारातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याचे उदाहरण घ्यावे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून उथळ पाणी, बेटे व दलदल निर्माण झाली आणि पक्ष्यांना आश्रय मिळाला. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ होय. हिवाळ्यात येथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. डोंगर चढावयाचा नाही, अंतर कापावयाचे नाही. एका जागी शांत बसणे हीच येथील पक्षिनिरीक्षणाची रीत. जे मूल वर्गात ‘मंद’ म्हणून गणले जाते, त्याची गती येथे योग्य गती ठरते.

तथापि निरीक्षणाचा मनोरा हेच सहलीचे केंद्र मानू नये. व्हीलचेअरवरील मूल पायऱ्यांखाली बसून राहिले व इतर वर गेले, तर त्यास सहलीस आणूनही मागेच ठेवल्यासारखे झाले. यास्तव शिक्षकाने आठवडाभर आधी एकट्याने जाऊन काठावरील सपाट जागा, सावली, स्वच्छतागृह व गाडी उभी राहण्याचे ठिकाण पाहून यावे. पक्षी पहाटे अधिक दिसतात हे खरे. परंतु निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे स्नायू थंडीत अधिक ताठरतात. चार पक्षी कमी दिसले तरी चालतील. ऊन पडल्यावरच पोहोचावे. फिट येणाऱ्या मुलाच्या औषधाची वेळ आईकडून लिहून घ्यावी. मात्र ‘आई बरोबर आली तरच मुलास नेऊ’ अशी अट घालू नये. जिला रोजगार बुडवून येता येत नाही, तिच्या मुलास त्या अटीने घरीच बसविले जाते.

दृष्टिहीन मुलास तेथे काय मिळणार, असे पुष्कळांस वाटते. टिटवीची ओरड, अडईची शीळ, थवा उडताना होणारा पंखांचा सळसळाट, ओल्या गाळाचा वास हे सर्व त्याचेच आहे. किंबहुना डोळस मुलांनीही पाच मिनिटे डोळे मिटून बसावे व आवाज कोणत्या दिशेने आला ते त्याच्याकडून शिकावे. अडचण चित्रबलाकाची! हा मोठा पक्षी जवळजवळ मुकाच असतो. कानांनी तो दाखविता येत नाही. त्यासाठी वर्गातच सुमारे एक मीटरची काठी उभी करून त्याची उंची हातांनी चाचपू द्यावी. पिसे मात्र अभयारण्यातून उचलून आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या राज्यात तो मोह टाळलेला बरा.

कर्णबधिर मुलाशी बोलताना शिक्षकाने सूर्याकडे पाठ करून उभे राहू नये, कारण चेहरा अंधारात जातो व ओठ वाचता येत नाहीत. वाऱ्यात श्रवणयंत्रही केवळ घोंघावते. उलट, जेथे बोलण्याने पक्षी उडून जातात तेथे हातांच्या हलक्या खुणाच उपयोगी पडतात. त्या खुणा आदल्या आठवड्यात सर्व वर्गास त्या मुलानेच शिकवाव्यात.

स्वमग्न मुलास पक्ष्यांपेक्षा गाडीचा भोंगा व चाळीस मुलांचा गलबला अधिक असह्य होतो. गाडी, काठ, डबा, पुन्हा गाडी असा दिवसाचा क्रम चार चित्रांत काढून त्याच्या हाती द्यावा. असे मूल कपाळी पांढरा पट्टा असलेल्या वारकरी पक्ष्याच्या बुड्या अर्धा तास पाहत राहिले, तर ‘चला, पुढचा पक्षी पाहू’ म्हणून त्यास ओढू नये. तपासणीच्या कागदावर पक्ष्यांची मोठी यादी शोभून दिसते खरी, पण ती यादी पुष्कळदा शिक्षकाचीच असते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास तर दोन-तीनच पक्षी सांगावेत आणि तेच पुनःपुन्हा ओळखू द्यावेत.

सोबतीस मूल नेमावे. पण दर तासाला ते बदलावे, म्हणजे सोबत ही एकाच्याच माथी शिक्षा होत नाही. पहिली सहल अर्ध्या दिवसाची व दहा-बारा मुलांचीच असावी. परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न त्या मुलास विचारावा, आणि त्याने बोलून, खुणेने अथवा नुसते चित्राकडे बोट दाखवून उत्तर देईपर्यंत वर्गाने थांबावे.