नोंदीखालचे स्पष्टीकरण

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांसमोर जमा-खर्चाचे आकडे मांडते. ते यंदाही पुढील पानांवर आहेतच. आज मात्र अभिलेख कक्षातील संगणकावरच्या एका फाइलविषयी बोलण्याची परवानगी घेते.

आपल्या रुग्णनोंदी २००४ सालापासून मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधील एका डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. महागडी संगणकप्रणाली घेण्याची त्या वेळी ऐपत नव्हती. एका तरुण कार्यकर्तीने रविवारी येऊन, कोणतेही मानधन न घेता, ही रचना करून दिली. रचना चोख होती. परंतु ती तशीच का केली, हे तिला आणि आमच्या जुन्या अभिलेखपालांनाच ठाऊक होते. पुढे ती नोकरीनिमित्त परगावी गेली आणि अभिलेखपाल सेवानिवृत्त झाले.

२०११ साली नव्याने रुजू झालेल्या एका लिपिकाला त्यात एक दोष दिसला. केसपेपर क्रमांकाचा रकाना 'संख्या' प्रकारचा नसून 'मजकूर' प्रकारचा होता. त्यामुळे क्रमवारी लावली की १०० नंतर १०००, मग १०१, असे क्रमांक मागेपुढे येत. त्याने रकान्याचा प्रकार बदलून 'संख्या' केला. यादी सरळ झाली. आम्ही सर्वांनी त्याचे कौतुक केले, मीही केले.

आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, रुग्णालय उभे राहण्यापूर्वी आपल्या ट्रस्टचा एक दवाखाना होता. तेथील केसपेपरांचे क्रमांक शून्याने सुरू होत. ०४१७ म्हणजे दवाखान्याचा रुग्ण आणि ४१७ म्हणजे रुग्णालयाचा. रकाना संख्येचा होताच सर्व आरंभीची शून्ये पुसली गेली आणि दोन माणसांना एकच क्रमांक आला. 'पुनरावृत्ती नको' असे बंधन त्या रकान्यावर असते, तर अ‍ॅक्सेसने तो बदल स्वीकारलाच नसता. ते बंधन नव्हते. आणि का नव्हते, तेही कोठे लिहिलेले नव्हते.

काही दिवसांनी शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका भगिनींच्या नावाने दुसऱ्याच बाईंचा जुना केसपेपर वॉर्डात गेला. त्यांच्या स्वतःच्या केसपेपरवर पेनिसिलिन सोसत नसल्याची नोंद होती. वर गेलेल्या कागदावर ती अर्थातच नव्हती. वॉर्डातील सिस्टरांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे यजमानांचे नाव विचारले आणि ते जुळले नाही, म्हणून अनर्थ टळला. त्याच सायंकाळी आम्ही कुटुंबीयांना सर्व हकीकत सांगून क्षमा मागितली. आधीच्या शनिवारची प्रत काढून मूळ रकाना परत बसवला आणि मधल्या नोंदी हाताने पुन्हा भरल्या. त्या लिपिकाला मी दोष दिला नाही. समोर जे दिसत होते त्यावरून त्याचा निर्णय बरोबरच होता.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. रोजकीर्दीत नोंद लिहिली की तिच्याखाली एका ओळीचे स्पष्टीकरण लिहायचे, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. आकडे जुळले तरी स्पष्टीकरणावाचूनची नोंद लेखापरीक्षक मान्य करीत नाहीत. आमच्या डेटाबेसमध्ये नोंदी होत्या, स्पष्टीकरण नव्हते.

मग आम्ही ते लिहावयास घेतले. अ‍ॅक्सेसमध्ये तक्त्याची रचना उघडली की रकान्याचे नाव, त्याचा प्रकार आणि त्यापुढे वर्णनासाठी मोकळी जागा दिसते. तेथे २५५ अक्षरांपर्यंत मजकूर मावतो. आता केसपेपर क्रमांकापुढे असे लिहिले आहे : 'मजकूरच ठेवावा. आरंभीचे शून्य म्हणजे जुना दवाखाना. संख्या करू नये.' या वर्णनानंतर तयार केलेल्या फॉर्मवर त्या रकान्यात कर्सर नेला की हीच ओळ पडद्याच्या तळाशी उमटते. म्हणजे ज्याच्या हातून चूक होण्याचा संभव आहे, त्याच्याच डोळ्यांसमोर ती येते.

मोठ्या निर्णयांना एवढी जागा अपुरी पडते. त्यांसाठी त्याच फाइलमध्ये 'निर्णयनोंदी' हा स्वतंत्र तक्ता केला आहे : निर्णय काय, कारण काय, कोणता पर्याय नाकारला, कोणी संमती दिली आणि तारीख. नाकारलेला पर्याय लिहिण्याचा आग्रह माझा. पुढच्या माणसाला नेमका तोच पर्याय सुचतो, असा माझा अनुभव आहे.

एक उदाहरण देणगीदारांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठीची उत्पन्नमर्यादा वेळोवेळी वाढत आली आहे. सध्या ती अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. हा आकडा थेट सूत्रात घालणे सोपे होते. परंतु मग मर्यादा बदलताच जुन्या रुग्णांची पात्रताही नव्या आकड्याने मोजली जाऊन मागील वर्षांचे अहवाल बदलले असते. म्हणून मर्यादा वेगळ्या तक्त्यात, लागू झाल्याच्या तारखेसह ठेवली आहे. का, ते निर्णयनोंदीत आहे.

एका विश्वस्तांनी विचारले, हे वहीत का लिहीत नाही? वही होती. अभिलेख कक्ष तळमजल्यावरून वर हलवताना ती कोठे गेली, ते आजतागायत कळलेले नाही. फाइल मात्र जुन्या एमडीबी स्वरूपातून एसीसीडीबीत नेली, तेव्हा वर्णने आणि निर्णयनोंदी तिच्याबरोबरच आल्या. दुसऱ्यांनी सुचवले की अ‍ॅक्सेसमध्ये रचनेचा तपशील आपोआप छापून देणारे 'डॉक्युमेंटर' आहे. आहे, आणि आम्ही ते वापरतो. रकाना मजकुराचा आहे एवढे ते बिनचूक सांगते; दवाखान्याची हकीकत त्याला कोठून ठाऊक असणार?

काम पूर्ण झालेले नाही. २००४ च्या काही रकान्यांपुढे आजही 'कारण अज्ञात, बदलू नये' एवढेच लिहिलेले आहे. मूळ रचना करणाऱ्या त्या भगिनी गेल्या दिवाळीत भेटीस आल्या असता दोन तास अभिलेख कक्षात बसल्या आणि त्यांतील काही ओळी त्यांनी स्वतः भरून दिल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच जुन्या दवाखान्याच्या काळातील आहेत. आपल्या घरी त्या काळचे केसपेपर वा देणगीच्या पावत्या असतील, तर कृपया त्या अभिलेख कक्षात दाखवाव्यात. प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल.