लढाईच्या काळांत अध्यक्षाची सत्ता कोठून येते?
(शाळेच्या पटांगणांत झालेलें व्याख्यान)



कोणी अधिकार सांगूं लागला, कीं आपण त्याला सनद विचारतो. अमेरिकेच्या अध्यक्षाची सनद म्हणजे १७८७ सालीं लिहिलेली तेथील राज्यघटना. आज ती आम्ही आपणांपुढें उलगडणार आहों.

लढाई पुकारणें, सैन्य उभारणें आणि त्याचा खर्च मंजूर करणें, हे अधिकार तिच्या पहिल्या कलमानें काँग्रेसला, म्हणजे कायदे करणाऱ्या सभेला दिले आहेत. दुसऱ्या कलमानें अध्यक्षाला सरसेनापति केलें, आणि कायदे इमानानें अमलांत आणण्याचें काम सोंपविलें. आणीबाणींत त्यानें वाटेल तें करावें, असें एकहि वाक्य तींत नाहीं.

पण 'सरसेनापति' या एका शब्दांतून काय काय निघालें पहा. १८६१ सालीं दक्षिणेकडील राज्यें उलटलीं. तेव्हां लिंकनसाहेबांनीं काँग्रेसची बैठक नसतांनाच सैन्य वाढविलें, आणि धरलेल्या माणसाला न्यायाधीशापुढें उभें करण्याचा हक्क तहकूब केला. हा अधिकार काँग्रेसचा, असें सरन्यायाधीश टॅनी यांनीं बजावलें. तरी लिंकन मागें हटले नाहींत. अखेर १८६३ सालीं काँग्रेसनें कायदा करून तशी परवानगी दिली.

त्याच शब्दाच्या आधारें १ जानेवारी १८६३ रोजीं बंडखोर मुलखांतील गुलाम मुक्त केल्याचा जाहीरनामा निघाला. गुलामांच्या मुक्तीसाठीं झटल्याबद्दलच जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेतील लोकांस अर्पण केलें. पण सेनापतीचा हुकूम लढाईपुरता. म्हणून १८६५ सालीं घटनेंत तेरावी दुरुस्ती केली, तेव्हां कोठें ती मुक्ति पक्की झाली.

आतां दुसरी बाजू ऐका. १९४२ सालीं जपानशीं लढाई चालू असतां रूझवेल्ट यांच्या हुकुमान्वयें सुमारें १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरांतून उठवून तारेच्या कुंपणांत कोंडले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. ना आरोप, ना चौकशी. कित्येक शेतकऱ्यांना उभीं पिकें टाकून जावें लागलें. १९४४ सालीं वरिष्ठ कोर्टानेंहि तें चालवून घेतलें! १९८८ सालीं काँग्रेसनें माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊं केले. पण गेलेलीं वर्षें कोण भरून देणार?

कोर्टानें लगाम ओढल्याचेंहि उदाहरण आहे. १९५२ सालीं कोरियाच्या लढाईंत ट्रूमन यांनीं पोलादाचे कारखाने ताब्यांत घेतले. कोर्टानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो हुकूम रद्द केला. पुढें १९७३ सालीं काँग्रेसनें कायदा केला, कीं तिच्या मंजुरीवांचून अध्यक्षानें ६० दिवसांपलीकडे फौज लढाईंत ठेवूं नये, आणि फार तर आणखी ३० दिवसांत ती माघारीं आणावी.

बंधूंनो, एकाच शब्दानें गुलाम सुटले आणि निरपराधी कोंडले गेले. म्हणून गादीवरचा माणूस भला आहे, एवढ्यावर विसंबून भागत नाहीं. हुकूम कोणत्या कलमाखालीं निघाला, किती दिवसांचा, आणि त्याला कोणाची मंजुरी आहे, हें विचारावें लागतें. तें विचारावयास अक्षर यावें लागतें. तेव्हां मुलगा असो कीं मुलगी, तिला शाळेंत धाडा, एवढेंच आमचें मागणें आहे.