उमेदवार दारी आला असता
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचे कौतुक, शिष्यवृत्त्यांचे वाटप आणि जमाखर्चाचे वाचन झाले की संमेलनात राजकारणाचा विषय कोणी काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो आज आम्ही क्षणभर बाजूला ठेवीत आहोत. कारण आमचा विषय पक्षाचा नसून मताचा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा एकाहून अधिक उमेदवार मंडळाच्या कचेरीत आले. प्रत्येकाची मागणी एकच होती : भंडारी ज्ञातीच्या वतीने पाठिंब्याचे पत्र मिळावे. त्यांतील एक सद्गृहस्थ आपल्याच ज्ञातीचे होते. कार्यकारी मंडळाने पत्र कोणालाच दिले नाही. आपला माणूस दारी आला असता त्याला रिकाम्या हाताने पाठविले, म्हणून कित्येक बांधव आजही नाराज आहेत. विधानसभेची मुदत पुरी झाल्यास २०२९ साली हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील. म्हणून त्याचा विचार आताच, शांतपणे व्हावा हे बरे.

नाराज बांधवांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी व २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. आपण इतर मागासवर्गांत मोडतो. आपल्यासाठी तेथे एकही राखीव जागा नाही. आणि कायदे करणाऱ्या सभागृहात आपले गाऱ्हाणे मांडणारा कोणी नसला म्हणजे काय होते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगलेले आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने माड भंडाऱ्याचा राहिला, पण त्याला मडके लावण्याची मुखत्यारी सरकारची झाली. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. कोयता खुंटीला टांगून कोकणातील किती घरांनी मुंबईची वाट धरली, ते येथे बसलेल्या वृद्धांना सांगावयास नको. कायदेमंडळातील शब्द आपल्या चुलीपर्यंत पोहोचतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

परंतु याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. रावबहादूर सीताराम केशव बोले हे आपल्या ज्ञातीचे. मुंबई कायदेकौन्सिलात त्यांनी १९२३ च्या ऑगस्टमध्ये मांडलेला ठराव महाराष्ट्राच्या इतिहासात 'बोले ठराव' म्हणूनच ओळखला जातो. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य बांधवांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. त्यात भंडाऱ्यांसाठी स्वतंत्र काही मागितलेले नव्हते. तरीही त्याच ठरावाला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. आणि ते कागदावरच राहिल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी लोकांसह तेथे पाणी प्यावयास जावे लागले. ज्या प्रतिनिधीचा आपण आज अभिमानाने उल्लेख करतो, त्याची थोरवी आपल्या ज्ञातीच्या पलीकडे पाहण्यात होती. मग आजच्या उमेदवाराला केवळ आडनावावरून मत द्यावयाचे, हे त्या वारशाला शोभते काय?

कायद्याचीही एक बाजू आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार जातीच्या आधारावर मते मागणे हा निवडणुकीतील भ्रष्ट आचार ठरतो. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणी तसे आवाहन केले तरी तो दोष उमेदवाराला लागतो. २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने असा निर्णय दिला की, ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या जातीचा आधार घेणाऱ्या आवाहनालाही लागू आहे. असा दोष सिद्ध झाल्यास निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणजे आपले पत्र आपल्याच माणसाच्या गळ्यातील धोंड व्हावयाचे!

तर मग मंडळाने हात जोडून स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. पत्र देऊ नये. प्रश्न मात्र अवश्य विचारावेत, आणि सर्व उमेदवारांना तेच विचारावेत. आमच्या मते असे चार प्रश्न आहेत.

पहिला : आपण जे वचन देता ते विधानसभेच्या अधिकारातील आहे काय? मुंबई-गोवा महामार्ग हा राष्ट्रीय महामार्ग आहे व त्याची मुख्य जबाबदारी केंद्राची आहे. गल्लीतील गटार नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, पाणी, मासेमारी आणि मद्यविषयक कायदे हे राज्याचे विषय होत. शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून केंद्र व राज्य या दोहोंकडे आहे. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही, नीरेच्या धंद्याला परवाना मिळत नाही, खाडीचे खारे पाणी शेतात शिरते, हे प्रश्न आमदाराला विचारावयाचे.

दुसरा : आपला अग्रक्रम कोणता? जाहीरनाम्यात वीस गोष्टी लिहिणे सोपे आहे. त्या वीसांपैकी पहिली कोणती आणि विसावी कोणती, हे विचारल्यावर माणसाची खरी पारख होते. घरातील कर्ता पुरुषही मुलीची फी आधी की घराचे छप्पर आधी, हे ठरविल्यावाचून महिना काढू शकत नाही.

तिसरा : पैसा कोठून आणणार? या बाबतीत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक आदर्श घालून दिला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली; १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली; १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलात आला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराच्या वेतनातून कापलेल्या रकमेवर खेड्यातील मजुराच्या हाताला काम मिळाले. वचन कोणाला आणि भार कोणावर, हे तेथे उघडपणे सांगितले गेले होते. आजच्या उमेदवाराकडूनही आपण तेवढीच स्पष्टता मागावी.

चौथा : सभागृहात आपण काय केले, अथवा काय करणार? मुंबईत अर्थसंकल्पी व पावसाळी आणि नागपुरास हिवाळी, अशी अधिवेशने भरतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अशासकीय विधेयक ही आमदाराची खरी हत्यारे आहेत. लग्नाला हजेरी आणि उत्सवाला वर्गणी यांवर त्याचे मोजमाप करू नये. एकट्या सदस्याचे विधेयक संमत झाले नाही, तरी ते वाया जात नाही. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. पण १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. खोताच्या जाचाखाली राबलेल्या कोकणातील कुळांना त्याचे मोल कळते.

याखेरीज उमेदवाराची मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी खटले यांची माहिती अर्जासोबतच्या शपथपत्रात द्यावी लागते व निवडणूक आयोग ती प्रसिद्ध करतो. सोयरीक जुळविताना आपण सात गावी चौकशी करतो; पाच वर्षांचा कारभार सोपविताना हा कागद तरी वाचावा.

शेवटी भगिनींसाठी एक शब्द. घरातील मते एकगठ्ठा पडावीत, असा अजून पुष्कळ ठिकाणी वडीलधाऱ्यांचा आग्रह असतो. मत गुप्त असते, ते याचसाठी की सून, मुलगी आणि नुकता मतदार झालेला नातू यांनी ते स्वतःच्या विचाराने द्यावे. जे मत घरातही एकाने दुसऱ्यासाठी ठरवू नये, ते मंडळाने शेकडो कुटुंबांसाठी कसे ठरवावे?

म्हणून आमची सूचना अशी : पुढील निवडणुकीच्या वेळी मंडळाने आपल्या मतदारसंघातील सर्व उमेदवारांना, ते कोणत्याही ज्ञातीचे वा पक्षाचे असोत, हे चार प्रश्न लेखी पाठवावेत, आलेली उत्तरे जशीच्या तशी सभासदांच्या घरी पोहोचवावीत, आणि आपल्याकडून एका अक्षराचीही शिफारस करू नये. आपल्या ज्ञातीचा उमेदवार या कसोटीला उतरला, तर त्याला मते मिळतीलच, आणि ती त्याच्या योग्यतेची मते असतील. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा आणि सभासदांनी आपली मते चिटणिसांकडे लेखी कळवावीत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.