दुःख जाणणारा माणूस



११ जुलै २००६ रोजी सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक जोगेश्वरीचा. १८०हून अधिक माणसे प्राणास मुकली. रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवासी जखमींच्या मदतीला धावले, दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि मुंबईकर कामावर गेले. त्याचे कौतुक देशभर झाले, ते योग्यच. परंतु कामावर जाणे म्हणजे सावरणे, असे मानण्याची चूक आपला समाज वारंवार करतो.

दुःखासाठी आपल्या परंपरेने व्यवस्था केलेली आहे. सुतकात घरची चूल पेटत नाही, शेजारणी पिठले-भात आणून देतात. दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध अशा पायऱ्यांनी शोकाला एक कालक्रम दिला जातो. या विधींमागे माणसाला एकटे न सोडण्याचे मोठे शहाणपण आहे. पण तेराव्यानंतर पाहुणे गावी परततात आणि मेघवाडीतल्या किंवा श्यामनगरातल्या दोन खोल्यांत उरलेली माणसे एकमेकांपासून अश्रू लपवू लागतात. कुणाची झोप उडते, कुणाला गाडीचा भोंगा ऐकून धडधड सुरू होते, कुठे पती-पत्नींतले बोलणेच थांबते. अशा वेळी तज्ज्ञाकडे जावे लागले तर त्यात कमीपणा कसला? प्रश्न असतो तो कोणाकडे जावे, हा.

औषध शरीराची भाषा जाणते. मनाच्या उपचाराला मात्र रुग्णाची भाषा आणि रीत जाणावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत प्रदीर्घ शोकाला स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. शोक किमान सहा महिने टिकलेला असावा आणि त्या व्यक्तीच्या समाजाच्या, संस्कृतीच्या व धर्माच्या रूढ मर्यादेपलीकडे स्पष्टपणे गेलेला असावा, अशी त्यातील अट आहे. म्हणजे ती मर्यादा ज्याला ठाऊक नाही, त्याला निदानही नीट करता येणार नाही! पितृपक्षात पतीसाठी पान वाढून रडणारी स्त्री रीत पाळते आहे की शोकात अडकली आहे, हे तिच्या घराची रीत विचारल्यावाचून कसे कळणार? अमेरिकन मनोविकार संघटनेनेही २०१३ साली आपल्या निदानग्रंथात सोळा प्रश्नांची मुलाखत समाविष्ट केली. आपल्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, त्याचे कारण काय वाटते, आजवर कोणाची मदत घेतली, असे ते प्रश्न आहेत.

हा विचार भारतात त्याच्या कितीतरी आधी झाला होता. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबूंत राहू दिले आणि कुटुंबाला उपचारात सहभागी करून घेतले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती मांडली. त्यांचा लेख १९६६ साली ब्रिटनमधील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरू-शिष्य नात्याकडे उपचारक आणि रुग्ण यांच्या नात्याचा एक नमुना म्हणून पाहिले.

येथे एक सावधानता हवी. संस्कृती जाणणारा तज्ज्ञ म्हणजे आपल्याच जातीचा, गावचा किंवा ओळखीचा माणूस, असा अर्थ कुणी घेऊ नये. एकत्र कुटुंबातील सुनेने आपली घुसमट सांगताच 'वेगळे राहा' असे सांगून मोकळा होणारा समुपदेशक घर ओळखत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला 'सोसणे हाच स्त्रीधर्म' असे ऐकवणारा तर तिला तिच्या संस्कृतीच्याच नावाने पुन्हा संकटात लोटतो. जाणता तज्ज्ञ आधी विचारतो, रूढीचा आधार कुठे आहे आणि जाच कुठे आहे हे निवडायला मदत करतो, आणि निर्णय त्या व्यक्तीच्या हाती ठेवतो.

म्हणून पहिल्या भेटीतच काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. शिक्षण कोणते? मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, औषधे तो देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकाने प्रशिक्षण कोठे घेतले, हेही विचारावे. संवाद मराठीत होईल काय? घरच्यांना केव्हा बोलावणार, आणि सांगितलेले गुप्त राहील ना? गुप्ततेचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे. दोन-तीन भेटींनंतरही आपले म्हणणे पोचत नाही असे वाटले, तर तज्ज्ञ बदलण्यात अपराध नाही.

जोगेश्वरीकरांसाठी महापालिकेचे कूपर रुग्णालय विलेपार्ल्यात आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी १९९० साली स्थापन केलेली आय.पी.एच. ही संस्था आहे. घराबाहेर पडणेच जड वाटत असेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

शेजाऱ्याच्या घरी मृत्यू झाला की पिठले-भात नेण्याची रीत कुणाला शिकवावी लागत नाही. त्या रीतीत आता एका गोष्टीची भर घालायला हवी. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा त्या दारी जावे, झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारावे. आणि गरज दिसली, तर तज्ज्ञाच्या दारापर्यंत सोबत करावी.