उचल ज्याची, माल त्याचा

(वाघोली, जि. पुणे येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवावे.)



कपाशी आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांची बैठक वाघोलीत कशासाठी, असे अनेकांनी विचारले. इथे कपाशी नाही आणि जिनिंगही नाही. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या आहेत, मागे दगडखाणी आणि क्रशर आहेत. पण त्या इमारतींवर विटा वाहणारी माणसे कुठली, खाणीत दगड फोडणारी कुठली, ते विचारून पाहा. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, म्हणजे आपलीच. डिसेंबर २०२४ मध्ये एका रात्री इथल्या केसनंद फाट्याजवळ फूटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. तिघे गेले, त्यांत दोन लहान लेकरे होती. ही माणसे अमरावती जिल्ह्यातून कामाला आली होती. कोरडवाहू शेती तोट्यात गेली की माणूस असा नगर रस्त्याला लागतो.

आज आपण भावावर बोलणार नाही, मतावर बोलणार आहोत. भाव का मिळत नाही याची अर्धी कारणे बाजारात सापडतात आणि उरलेली अर्धी मतपेटीच्या आसपास, असे आमचे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले निरीक्षण आहे. मताला तीन ठिकाणी गळती लागते. निवडणूकच होत नाही, ही पहिली. निवडणूक होते पण यादीत आपले नाव नसते, ही दुसरी. निवडणूक होते, नाव असते, पण पैसा दुसऱ्याचा असतो, ही तिसरी. एकेक पाहू.

निवडणूकच झाली नाही तर

वाघोलीला ग्रामपंचायत होती. ३० जून २०२१ रोजी पुण्याभोवतीची २३ गावे महापालिकेत घेतली, त्यांत वाघोली होती. ग्रामपंचायत गेली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसला. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे साडेचार वर्षे या गावाला ना सरपंच, ना स्वतः निवडलेला नगरसेवक. कर मात्र भरायचा होता. टँकर का आला नाही हे ज्याला विचारावे, असा आपल्या मताचा एकही माणूस नव्हता.

हे शहराचे दुखणे आहे असे समजू नका. तुमच्या-आमच्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवरही २०२२ पासून प्रशासकच होते. बियाण्यांची तक्रार, विहिरीचे अनुदान, शाळेची गळकी खोली घेऊन आपण सभापतीकडे जात होतो. तो सभापतीच नव्हता. राज्यघटना सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी पंचायतीची निवडणूक झाली पाहिजे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचनेचा घोळ यांत निवडणुका अडकल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा आणि चार महिन्यांत आटोपा, असे सांगितले. तरीही ती मुदत पुढे वाढवून घ्यावीच लागली.

आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण वाद मिटेपर्यंत मतच बंद, हा कुठला न्याय? वीज बिलाच्या वादात ट्रान्सफॉर्मर उतरवून नेला तर आपण तहसीलवर मोर्चा नेतो. इथे गावाचे मत वर्षानुवर्षे उतरवून ठेवले आणि किती गावांतून मोर्चा निघाला?

यादीत नाव नसेल तर

आता दुसरी गळती. वीस नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू करायची तारीख होती १५ नोव्हेंबर. ऊसतोड्याने काय करावे? मुकादमाची उचल घेतलेली, कोयता गेलेला, मत बीडमध्ये आणि पोट कोल्हापूर-सांगलीत. परत येण्याचे भाडे कोण देणार? काही ठिकाणी ते भाडे उमेदवाराने दिले, गाडी पाठवली, असे आपण ऐकतो. मग ते मत कोणाचे झाले? गाडीवाल्याचे. गावाबाहेर गेलेल्या मतदाराला आहे तिथूनच मत देता यावे, असे यंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखवायला बोलावले होते. पक्षांचे एकमत झाले नाही आणि यंत्र कपाटात गेले.

यादीतून नावे जातात तेव्हा आवाज होत नाही. बिहारमध्ये २०२५ च्या उन्हाळ्यात याद्यांची फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या कच्च्या यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. काही मेलेली, काही दुबार, काही गाव सोडून गेलेली, असे सांगितले गेले. कोणाचे नाव कशासाठी गेले हे मात्र छापले नव्हते. लोक आणि संस्था न्यायालयात गेल्या. १४ ऑगस्टला न्यायालयाने हुकूम दिला की गळालेली नावे कारणासह जाहीर करा. एवढे मिळायलाही दिल्ली गाठावी लागली.

आपल्या हातात काय आहे? ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते. म्हणून ती एकच यादी धरायची. नवे नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. वाघोलीत कायमचा राहिलेला माणूस इथे नाव आणू शकतो. हंगामापुरता आलेला गावाकडेच नाव ठेवू शकतो, पण ते तिथे शाबूत आहे का, हे त्याने दरवर्षी पाहिले पाहिजे. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याला चालत नाही.

पैसा दुसऱ्याचा असेल तर

तिसरी गळती सर्वांत मोठी, म्हणून तिथे जरा थांबू.

उचल म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला नको. पेरणीला पैसे नव्हते, आडत्याकडून घेतले. कापूस आला, गाडी कोणाच्या दारात लागते? भाव कोण ठरवतो? कटती किती धरायची हे कोण सांगतो? उचल ज्याची, माल त्याचा. उमेदवाराचेही असेच असते. निवडणुकीच्या पेरणीला तो ज्याची उचल घेतो, त्याच्या दारात पाच वर्षे त्याची गाडी लागते.

कायद्याने खर्चाला मर्यादा आहे. २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख. ही मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सांगितले होते की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच नावावर धरा. त्याच वर्षी कायदा बदलून पक्षाचा खर्च हिशेबाबाहेर काढला गेला. बांधाला भगदाड ठेवून शेतात पाणी अडवल्याचा दाखला घेण्यासारखे हे झाले.

कंपन्यांनी पक्षांना पैसा द्यावा का, हा प्रश्न आपल्या मुंबईतच १९५७ साली उभा राहिला. टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती, एका भागधारकाने हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात अडसर नाही म्हणून परवानगी दिली, पण यात लोकशाहीला धोका आहे, संसदेने विचार करावा, असा इशाराही दिला. १९६९ मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. पुढे नफ्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच देणगी, अशी मर्यादा राहिली. २०१७ मध्ये तीही काढली आणि निवडणूक रोख्यांची योजना आली. लोक त्यांना बाँड म्हणू लागले. स्टेट बँकेतून बाँड घ्यायचा, पक्षाला द्यायचा, कोणी दिला ते जनतेला कळणार नाही.

आम्ही शेतकी पदवी घेऊन बाहेर पडलेली माणसे. आम्हाला बाँड म्हटले की बोंड आठवते. गुलाबी बोंडअळी आत शिरली की छिद्र बुजून जाते. बोंड वरून हिरवेगार दिसते, वेचणीला फोडले की कवडी कापूस. म्हणून आपण आधीच कामगंध सापळे लावतो. पतंग मोजता आले तरच उपाय करता येतो. पैशाचेही असेच आहे. कोणाकडून किती आला हे मोजता आले, तर मतदार पुढचे ठरवेल.

हा सापळा लावला कोणी? अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे मतदाराला कळलेच पाहिजेत म्हणून न्यायालयात गेले. २००२ मध्ये निकाल लागला. तो निष्प्रभ करणारा वटहुकूम आणि कायदा झाला, तोही २००३ मध्ये न्यायालयाने मोडला. आज उमेदवाराचे शपथपत्र आपल्याला वाचायला मिळते ते त्यामुळे. बाँडविरुद्धही हीच संस्था आणि इतर लढले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी बाँड घटनाबाह्य ठरवले आणि कंपन्यांना दिलेली अमर्याद देणगीची मोकळीकही रद्द केली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर. न्यायालयाने एक दिवस दिला. मार्चमध्ये आकडे बाहेर आले. सहा वर्षांत सुमारे साडेसोळा हजार कोटींचे बाँड विकले गेले होते. सर्वांत मोठा वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाकडे गेला, राज्याराज्यांतल्या सत्ताधाऱ्यांनाही भरघोस मिळाले. सर्वांत मोठा खरेदीदार होती लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी, १,३६८ कोटींची.

याचा आपल्या कापसाशी संबंध काय? ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि पुढे ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झालेला, आणि बाजार मात्र बाहेरच्या रुईसाठी उघडा. गिरणीवाल्यांच्या संघटनांनी ही मागणी उघडपणे केली होती. मागणी करणे हा त्यांचा हक्क आहे, आपलाही आहे. अमुक देणगीमुळे अमुक निर्णय झाला, असा आरोप आम्ही पुराव्याशिवाय करणार नाही. पण प्रत्येक पक्षाच्या देणग्यांची वही उघडी असेल, तरच हा प्रश्न सरळ विचारता येईल आणि सरळ उत्तर मिळेल.

गावातला लिलाव

दिल्लीच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. आता गावात येऊ. २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात पदांचा लिलाव झाला. बोली गेली दोन कोटी पाच लाखांवर. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांवर. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. त्यावर गावोगाव ऐकू आले, "पैसा देवळालाच जाणार होता ना? भांडण टळले, खर्च वाचला, बिनविरोध झाले, यात वाईट काय?"

वाईट हे की ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे त्याने बोलीत तोंड उघडायचे नाही, हे त्या दिवशी ठरले. शेतमजुराचे आणि बाईचे मत त्यांना न विचारता विकले गेले. एकमताने बिनविरोध झाले तर आनंद आहे, पण जास्त बोलीने झालेले बिनविरोध हा सौदा आहे. बोली लावणारा ती वसूल कुठून करणार, हे तुम्हाला माहीत आहे.

पाचशेच्या नोटेचेही तेच. घरात लग्न आहे, दवाखाना आहे, सोसायटीचे थकले आहे, अशा माणसाला आम्ही नीतीचे पाठ देणार नाही. फक्त हिशेब मांडू. पाचशे रुपये पाच वर्षांवर पसरले तर दिवसाला २७ पैसे पडतात. दहा क्विंटल कापसाला क्विंटलमागे शंभर रुपये कमी मिळाले, तर एका हंगामात हजार जातात. शिवाय कायद्याने देणारा आणि घेणारा दोघेही दोषी.

बाजार समितीचे मत पाहा. २०१७ मध्ये किमान दहा गुंठे जमीन आणि पाच वर्षांत तीनदा माल विकलेल्या शेतकऱ्याला मत मिळाले. २०२० मध्ये ते काढून घेतले. २०२३ मध्ये बाजार समित्यांच्या निवडणुका झाल्या त्या पुन्हा सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या मतांवर. मतदार थोडके असले की त्यांना सहलीला नेणे परवडते. आपण सगळे मतदार झालो तर तेवढ्या गाड्या कोण आणणार?

काय करायचे

जिल्हा बैठकांनी पुढील कामे ठराव करून घ्यावीत, अशी आमची विनंती आहे.

१. वर्षातून एकदा मतदार यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. गेलेले नाव, चुकलेले नाव तिथेच टिपावे आणि नमुने भरून द्यावेत. कामाला बाहेर गेलेल्यांची वेगळी यादी करावी.

२. मतदानाआधी प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र चावडीवर वाचावे. पक्ष कोणताही असो, सगळ्यांचे वाचावे.

३. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येते. तो हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे नाममात्र शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. तालुक्यातून दोघांनी जावे. आपण मोजलेले मंडप, गाड्या आणि जेवणावळी त्यात आहेत का, ते पाहावे.

४. जिल्हा परिषद असो की महापालिका, मुदत संपण्याच्या सहा महिने आधी "निवडणूक केव्हा?" असा ठराव करून राज्य निवडणूक आयोगाला पाठवावा. साडेचार वर्षे थांबू नये.

५. तीन मागण्या सर्व पक्षांकडे लेखी द्याव्यात. पक्षाच्या खर्चालाही मर्यादा, प्रत्येक मोठ्या देणगीदाराचे नाव मतदानाआधी जाहीर, आणि बाजार समितीत माल विकणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मत.

शेवटचे काम अवघड आहे. आपला माणूस उभा करायचा असेल तर त्याचा खर्च आपण उचलला पाहिजे. घरटी दहा रुपये किंवा पायलीभर ज्वारी, पावती फाडून. निकालानंतर जमाखर्च ग्रामसभेपुढे, पैसा उरला तर तोही सांगायचा. वर्गणीवर लढलेला उमेदवार हरेलही, पहिल्या वेळी बहुधा हरेलच. पण निवडून आला तर त्याची गाडी कोणाच्या दारात लागेल, हे त्याला आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक असेल.

तेव्हा वर्गणीची पावतीपुस्तके आणि मतदार याद्या घेऊनच पुढच्या जिल्हा बैठकीला या.