पिसाचा गळ आणि पक्की गाठ



दवनीवाड्याच्या तळ्यावर मी पहिला मोठा मासा गमावला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पावसाळा सरून पाणी निवळले होते. गळाला मरळ लागली, बांबूची काठी कमानीसारखी वाकली आणि पुढच्याच क्षणी सरळ झाली. हातात राहिला नुसता तंगूस. दुकानदाराने कच्चा माल दिला म्हणून मी त्याच्या नावाने बोटे मोडू लागलो. शेजारी जाळे धूत बसलेल्या ढिवर काकांनी ते टोक हातात घेतले, उन्हात धरून पाहिले आणि म्हणाले, "तंगूस तुटला नाही, बाबू. तुझी गाठ सुटली."

कसे ओळखले? तंगूस तुटला तर टोक बहुधा सरळ असते. गाठ सरकून सुटली तर टोकाला डुकराच्या शेपटीसारखी गुंडाळी राहते. माझ्या टोकाला शेपटी होती! पुढे मी एम. ए. झालो, कॉलेजात मुलांना इतिहास शिकवू लागलो. पण पुराव्यावरून कारण शोधायचा पहिला धडा मला त्या पाळीवर मिळाला.

आज बोलायचे आहे ते हाताने बांधलेल्या पिसाच्या गळाबद्दल. आपल्याकडे बरेच जण गळाला गरी म्हणतात. पलीकडे छत्तीसगडातही गरीच, आणि गंमत म्हणजे दूर कोकणातही गरीच. तिथे गळाने मासे धरायला जाणे म्हणजे गरवायला जाणे. साध्या गरीला गांडूळ किंवा बेडकी लावावी लागते. पिसाच्या गळाला आमिष लावावे लागत नाही. गळाच्या डोक्याशी वजन, दांडीवर पीस किंवा केस. पाण्यात सोडायचा, झटका देऊन उचलायचा, पुन्हा सोडायचा. उड्या मारणारे काही जिवंत आहे असे समजून मासा झेप घेतो. इंग्रजीत याला जिग म्हणतात. बाजारात तयार मिळतात. रंग झकपक असतो. पण स्वस्तातल्या पुष्कळ गळांचे पीस दोन मासे लागले की सुटते.

आता बांधायचा कसा ते पाहू. गळ विकतचाच घ्या. नॉर्वेतली मस्टॅड कंपनी १८७७ पासून गळ करते आहे, आणि घरच्या तारेला तो कस येत नाही. टोक नखावर टेकवून पाहा. अडकले तर धार आहे, घसरले तर नाही. मग नेढे तपासा. नेढ्याच्या आत कंगोरा राहिला असेल तर तो तंगूस करवतीसारखा कापतो. बारीक कानशीने तो घासून टाका. दांडीवरूनही पॉलिश कागद फिरवा, म्हणजे धागा धरेल. उलटा काटा पकडीने दाबून टाका. लहान मासा त्यामुळे इजा न होता परत सोडता येतो, आणि कधी आपल्याच बोटात गळ घुसला तर निघतो.

वजनासाठी शिसे वापरू नका, असे मी म्हणेन. घरी शिसे वितळवणारे तरुण मी पाहिले आहेत. त्याचा धूर विषारी, आणि साच्यात पाण्याचा एक थेंब राहिला तर तापलेले शिसे अंगावर उडते. पण माझे खरे कारण वेगळे आहे. गळ कधी ना कधी कमळाच्या देठात अडकून राहतोच. पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात, त्या खड्यांबरोबर शिसेही गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडात राजहंस असे मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या परसवाड्याच्या, झिलमिलीच्या तळ्यांवर सारसाची जोडपी उतरतात. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. हाताच्या बोटांवर, फार तर चार-दोन वेळा, मोजून संपतील इतके. तेव्हा पितळेचा भरीव मणी घ्या. बैलाच्या जुन्या माळेतला चालतो. मणी गळाच्या टोकाकडून ओवून नेढ्याशी आणा.

आता धागा. कोसा विणकरांकडे उरलेल्या तुकड्यांत पीळदार कोशाचा धागा मिळतो. नाही तर शिंप्याकडचा नायलॉनचा घ्या. सुरुवातीला गाठ मारायचीच नाही. धाग्याचे टोक मण्यामागे दांडीवर आडवे ठेवा आणि त्याच टोकावरून वेढे घेत बाकाकडे जा. चाबकाला वादी गुंडाळतो तसे, वेढ्याला वेढा खेटून. बाकापाशी बकरीच्या शेपटीचे केस किंवा कोंबड्याच्या मानेचे पीस बांधा. केसांचा एक जाड झुपका बांधण्यापेक्षा दोन बारीक बांधा. जाड झुपक्याच्या मधल्या केसांना धाग्याची पकड लागत नाही, आणि तेच आधी निसटतात. बाकाच्या मागे केस दांडीइतकेच लांब ठेवा. जास्त लांब ठेवले तर मासा नुसती शेपटी ओढून पळतो.

तसेच वेढे घेत परत मण्याकडे या. शेवट असा करायचा. वेगळ्या धाग्याचा एक फास दांडीवर ठेवा, फासाचे तोंड नेढ्याकडे, दोन्ही टोके बाकाकडे. त्यावरून सहा घट्ट वेढे घ्या. मूळ धागा कापून त्याचे टोक फासात घाला आणि फास बाकाकडे ओढून काढा. धाग्याचे टोक वेढ्यांखाली गाडले जाते. म्हणजे पाहा, सबंध बांधणीत गाठ एकही नाही. धागाच धाग्याला धरून बसतो.

यावर लाखेचा हात द्या. गोंदियात एके काळी लाखेचे कारखाने होते. पळस आणि कुसुम या झाडांवरची ही आपल्या रानाची चीज. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, तेच पातळ पाणी काडीने बांधणीवर लावा. रात्रभर वाळू द्या, पुन्हा लावा, असे तीनदा. घाईने एकच जाड थर दिला तर तो वरून वाळतो आणि आत चिकट राहतो. नेढ्यात लाख शिरू देऊ नका.

आणि आता ती गाठ, जी माझी सुटली होती. तंगूस नेढ्यातून वीतभर बाहेर काढा. हे टोक मूळ तंगुसाभोवती सहा वेळा गुंडाळा. मग नेढ्यालगत राहिलेल्या लहान कड्यातून टोक घाला. असे घालताना एक मोठा फास तयार होतो. त्यातून टोक पुन्हा एकदा काढा. हे दुसऱ्यांदा काढणे मी केले नव्हते. ओढण्यापूर्वी गाठ थुंकीने भिजवा. नायलॉन कोरडा ओढला की घासून तापतो, आणि तापला की तिथेच अधू होतो. काका म्हणत, "गाठीला पाणी पाज, मग ओढ." सावकाश ओढा. तंगूस उन्हात पडला असेल तर दरवर्षी बदला, आणि जुना पाण्यात टाकू नका. पक्ष्यांच्या पायात अडकतो.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाच्या सुरुवातीला पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिलांचा थवा दिसतो. ती मरळीची पिले, आणि खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. अशा वेळी पिसाचा गळ टाकला तर मरळ हमखास लागते. भुकेने नव्हे, पिले वाचवायला ती धावून येते. ती काढली की दुसरे मासे थवा फस्त करतात. गावातली पोरे याला मोठी बहादुरी समजतात. गुरुजनांनी शाळेत एकदा मुलांना तळ्यावर नेऊन तो थवा दाखवावा.

आपल्याकडची बहुतेक तळी मालगुजारांच्या काळातली. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ती सरकारजमा झाली. आज पुष्कळ तळ्यांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी तिथल्या ढिवर मंडळींना विचारा. ते सहसा नाही म्हणत नाहीत, आणि मासा कुठे आहे तेही सांगतात.

गळ तयार झाला की लगेच तळ्याकडे पळू नका. तंगुसाला एक वीट बांधा, गळ खिळ्याला अडकवा आणि रात्रभर लटकू द्या. खाली पाय किंवा मांजर येणार नाही एवढे पाहा. माझी पहिली वीट रात्री दोन वाजता पडली. घरातले सगळे उठून बसले. टोक पाहिले, तर पुन्हा शेपटी.